तापीच्या पाण्यात कॅमेरा आंधळा का होतो?

पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी जळगाव-भुसावळकरांना नवी नाही. त्या दिवसांत दरवाजांखालून धावणारे तापीचे पाणी पार मातकट असते. वऱ्हाडातली काळी माती घेऊन आलेली पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि दोन्ही नद्यांचा गाळ हतनूरच्या जलाशयात येऊन बसतो. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हा गाळ म्हणजे घटलेला साठा. पण ज्याला पाण्याखाली कॅमेरा सोडून दरवाजाचे रबर सील, जॅकवेलची जाळी किंवा काँक्रीटमधली चीर पाहायची आहे, त्याच्या पडद्यावर तोच गाळ काळपट तपकिरी चौकोन होऊन उभा राहतो. मधूनच त्यात पांढरे ठिपके उडतात. बाकी काही नाही.

फोटो अंधारा आला की मोबाइलवर ब्राइटनेसची पट्टी उजवीकडे ओढायची, ही सवय आता सगळ्यांनाच आहे. पाण्याखालच्या फोटोवर ती चालवून पाहा. काळपट तपकिरी चौकोनाच्या जागी उजळ तपकिरी चौकोन येतो; चीर दिसत नव्हती ती नाहीच दिसत. गेल्या पन्नासेक वर्षांत शास्त्रज्ञांनी अशा चित्रांतून माहिती बाहेर काढण्याच्या बऱ्याच युक्त्या शोधल्या. त्यांतल्या बहुतेक निळ्याशार समुद्रासाठी आहेत. त्यांतले खान्देशच्या पाण्यात काय चालते आणि काय चालत नाही, ते पाहू.

पाण्याखाली पाहायची गरज कोणाला?

सगळ्यांत आधी धरणांना. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणांची पाहणी करणे बंधनकारक आहे. भिंतीचा वरचा भाग चालत जाऊन पाहता येतो. जो भाग बारा महिने पाण्याखाली असतो, तिथे पाणबुडे उतरवावे लागतात किंवा केबलला जोडलेले, वरून चालवायचे छोटे यंत्र सोडावे लागते. अशी यंत्रे आता भारतातही बनतात. आयआयटी मद्रासमध्ये जन्मलेली प्लॅनिस आणि कोचीची आयरोव्ह या कंपन्या याच क्षेत्रात आहेत. जळगावचे वाघूर, भुसावळजवळचे हतनूर, धुळ्याच्या पांझरेवरचे अक्कलपाडा, शिंदखेडा तालुक्यातले तापीवरचे सुलवाडे बॅरेज, अशा प्रत्येक ठिकाणी पाण्याखालचे दरवाजे, सील आणि जाळ्या आहेत.

दुसरी गरज शेतकऱ्याची. यावल, रावेर, चोपडा या केळीच्या पट्ट्यात तापीच्या गाळाच्या थरांतून खोल ट्यूबवेल घेतल्या जातात. पंप अडकला, केसिंग फुटले किंवा पाणी एकाएकी कमी झाले, की बोअरमध्ये कॅमेरा सोडतात. लांब केबल, टोकाला भिंगाभोवती बारीक एलईडींचे कडे, वर छोटा पडदा आणि किती फूट खाली गेलो ते दाखवणारा आकडा, एवढाच सरंजाम. पडद्यावर काय दिसते त्यावर पुढचा खर्च ठरतो. म्हणून अंधाऱ्या चित्राचा प्रश्न इथे थेट खिशाला भिडतो.

तिसरी गरज शोधकार्याची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहने पुराच्या पाण्यात गेली. नौदलाचे पाणबुडे आले, जड लोहचुंबक पाण्यात सोडून पाहिले, तरी पहिल्या बसचा सांगाडा हाती लागायला आठवड्याहून अधिक काळ गेला. पुराच्या पाण्यात डोळे आणि कॅमेरा दोन्ही किती लवकर हतबल होतात, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

प्रकाशाचे तीन तोटे

पाण्याखालचा फोटो बिघडतो तो एकाच कारणाने नाही. पहिला तोटा शोषणाचा. पाणी प्रकाश गिळते आणि सगळे रंग सारखे गिळत नाही. अगदी शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश १ मीटर गेला की सुमारे ७१ टक्के उरतो, ५ मीटरनंतर १८ टक्के आणि १० मीटरनंतर जेमतेम ३ टक्के. ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश १० मीटरनंतरही ५७ टक्के शिल्लक असतो. निळा तर ९० टक्क्यांच्या घरात. दिवा आपण नेला असेल तर प्रवास दुप्पट धरावा लागतो, कारण उजेड दिव्यापासून वस्तूपर्यंत जातो आणि वस्तूपासून पुन्हा भिंगापर्यंत येतो. भिंत ३ मीटरवर असेल तर प्रकाशाने कापलेले अंतर ६ मीटर.

दुसरा तोटा वाट चुकण्याचा. भिंतीवरून निघालेला किरण भिंगाकडे येताना मातीच्या कणांवर आपटतो आणि किंचित तिरका होतो. तो कॅमेऱ्यात पोचतो खरा, पण शेजारच्या जागी. कडा विरघळतात, चीर पुसट होते. प्रकाशाच्या अशा विखुरण्याला विकिरण म्हणतात.

तिसरा तोटा सर्वांत घातक. दिव्याचा प्रकाश भिंतीपर्यंत जाण्याआधीच मधल्या कणांवर आपटून मागे फिरतो आणि भिंतीची काहीही बातमी न घेता कॅमेऱ्यात शिरतो. हिवाळ्यातल्या दाट धुक्यात गाडीचे अप्पर लावले की समोर पांढरा पडदा उभा राहतो, तोच प्रकार. पाण्याखाली काम करणारे याला बॅकस्कॅटर म्हणतात. भिंगाजवळचे मोठे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात, दूरचे बारीक कण मिळून एकसंध मातकट पडदा तयार करतात.

म्हणजे कॅमेऱ्यात आलेल्या प्रकाशाचे दोन वाटे असतात: वस्तूकडून आलेला, घटलेला आणि पसरलेला प्रकाश, अधिक मधल्या पाण्याचा परतलेला प्रकाश. बी. एल. मॅकग्लॅमरी यांनी १९७० च्या दशकात आणि ज्यूल्स जॅफे यांनी १९९० मध्ये ही बेरीज गणितात मांडली. पुढच्या बहुतेक पद्धती याच बेरजेवर उभ्या आहेत.

आकड्यांत पाहू. डिजिटल फोटोत प्रत्येक पिक्सेलची उजळता ० ते २५५ या मापात असते. समजा, स्वच्छ पाण्यात भिंतीचा आकडा ४० आणि चिरेचा ३६ आला असता. फरक १० टक्के, डोळ्याला कळतो. आता मध्ये गढूळ पाणी आले आणि त्याने सगळीकडे १०० ची भर घातली. भिंत १४०, चीर १३६. फरक तोच ४ चा, पण प्रमाणात ३ टक्क्यांहून कमी. चीर गायब. अशा फोटोची उजळता दुप्पट केली तर २८० आणि २७२ होतात. मापाची हद्द २५५ असल्याने दोन्ही सपाट पांढरे. उलट त्यातून १०० वजा केले, मग उरलेल्याला ५ ने गुणले, तर २०० आणि १८०. चीर परत आली. गढूळ पाण्यात आधी वजाबाकी, मग गुणाकार. ब्राइटनेसची पट्टी इथे फसते ती यामुळेच: ती आकडे फक्त वाढवते, वजाबाकी करत नाही.

समुद्र निळा, तापी मातकट

१९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘नारकुंडा’ जहाजाच्या डेकवरून समुद्राचे पाणी निरखले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत तेव्हा रूढ होते. रामन यांनी निकोल प्रिझम वापरून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला. निळाई गेली नाही, उलट अधिक खुलली. मुंबई बंदरात पोचताच, २६ सप्टेंबरला, त्यांनी त्यावरचे टिपण ‘नेचर’साठी लिहिले. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवले. या विचाराची पुढची वाट रामन परिणामापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेली.

रामन यांच्यासमोरचा समुद्र खोल आणि स्वच्छ होता. तिथे लाल आधी मरतो, निळा टिकतो. तापीत चित्र उलटे होते. मातीच्या कणांतली लोहाची संयुगे आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून पाण्यात उतरलेले पिवळट-तपकिरी पदार्थ निळा प्रकाश आधी गिळतात. पुराच्या पाण्यात निळा जवळपास संपतो आणि हिरवट-पिवळा ते लालसर उजेड तेवढा उरतो. उन्हाळ्यात पाणी थांबले, शेवाळ वाढले, की शेवाळातले हरितद्रव्य निळा आणि लाल दोन्ही खाते, म्हणून जलाशय हिरवा दिसतो. एकाच वाघूर धरणाचे पाणी जुलैमध्ये एका रंगाचे आणि एप्रिलमध्ये दुसऱ्याच रंगाचे असते.

याचा सॉफ्टवेअरशी थेट संबंध आहे. पाण्याखालचे फोटो सुधारणारी बहुतेक ॲप ‘लाल कमी पडला आहे’ असे गृहीत धरून लाल वाढवतात. मालवणला स्कूबा करून आलेल्या पर्यटकाच्या हिरव्यानिळ्या फोटोला ते लागू पडते. सुलवाड्याच्या मातकट पाण्यातला फोटो त्याच ॲपमध्ये घातला तर आधीच लालसर असलेले चित्र विटेसारखे होते. २०१८ मध्ये अँकुटी आणि सहकाऱ्यांनी लाल वाहिनीची, म्हणजे फोटोतल्या लाल रंगाच्या आकड्यांची, तूट हिरव्या वाहिनीवरून भरून काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा गढूळ किंवा शेवाळी पाण्यात निळ्याचीही अशीच भरपाई करावी लागते, हे त्यांनीच नोंदवले होते. खान्देशात ही दुसरी सूचना पहिलीपेक्षा महत्त्वाची.

उजळवण्याचे सोपे उपाय आणि त्यांची हद्द

सर्वांत साधा उपाय गॅमा दुरुस्तीचा. यात अंधारे आकडे जास्त वर उचलले जातात, उजळ आकडे कमी. गॅमा ०.५ ठेवला तर १६ चा पिक्सेल ६४ होतो, ६४ चा १२८ आणि २०० चा फक्त २२६. सावल्या उघडतात, दिव्याजवळचा भाग जळत नाही. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आणि उजेड कमी, अशा विहिरीत एवढ्यावरही काम भागते.

दुसरा उपाय हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळतेच्या आकड्यांची वाटणी, ताणण्याचा. फोटोतले सगळे आकडे १० ते ४० मध्ये कोंबलेले असतील, तर ते ० ते २५५ वर पसरवायचे. चित्र एकदम खुलते. पण इथे एक हिशेब विसरू नये. १० ते ४० मध्ये फक्त ३१ छटा होत्या. ताणल्यावरही त्या ३१ च राहतात, त्यांच्यातली पायरी साडेआठची होते. नवी माहिती कुठूनही आलेली नसते. म्हणूनच शक्य तिथे कॅमेरा रॉ फाइलवर ठेवावा. तिथे १२ बिटांत ४,०९६ छटा मिळतात आणि ताणायला काहीतरी शिल्लक असते.

पाण्याखाली दिव्याजवळचा कोपरा उजळ आणि दुसरा काळा असतो. सगळ्या फोटोला एकच माप लावले तर दोन्हींचे नुकसान होते. त्यासाठी चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाचा हिस्टोग्राम वेगळा ताणायचा आणि ताणण्याला मर्यादा घालायची. ही पद्धत वैद्यकीय चित्रांसाठी विकसित झाली. कारेल झाउडरफेल्ड यांनी १९९४ मध्ये लिहिलेले तिचे रूप आज क्लाहे या नावाने जवळपास प्रत्येक इमेज प्रोसेसिंगच्या संग्रहात फुकट मिळते. मर्यादा फार सैल ठेवली तर मात्र भिंतीआधी उडते कणच चकाकू लागतात.

रंगांसाठी ‘ग्रे वर्ल्ड’ नावाचे गृहीतक आहे. चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यायला हवी, असे मानून तिन्ही वाहिन्या सारख्या करायच्या. पण निळ्या वाहिनीत प्रकाशच पोचला नसेल तर तिला चारपट वाढवणे म्हणजे तिच्यातला नॉइज, म्हणजे आकड्यांतला अकारण चढउतार, चारपट करणे. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी मांडलेल्या रेटिनेक्स सिद्धांतावरच्या पद्धती असमान उजेड वेगळा काढतात आणि पृष्ठभागाचा स्वतःचा रंग शोधतात. त्या अंधाऱ्या चित्रांवर चांगल्या चालतात. परतलेल्या प्रकाशाचा पडदा मात्र यांपैकी कोणीच नीट हटवत नाही, कारण पडदा किती जाड आहे हे यांना ठाऊकच नसते.

वजाबाकी करायची तर किती?

हा आकडा शोधायची एक गाजलेली युक्ती २००९ मध्ये काइमिंग हे आणि सहकाऱ्यांनी धुक्यातल्या फोटोंसाठी मांडली. धुके नसलेल्या दृश्यात, आकाश सोडून बहुतेक छोट्या तुकड्यांत लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंग कुठेतरी जवळजवळ शून्य असतो. धुक्यात तो शून्य राहत नाही. मग तो जितका वर आला, तितके धुके. पाण्याखाली ही युक्ती जशीच्या तशी लावली तर फसते. समुद्रात लाल नेहमीच शून्याजवळ असतो, म्हणून गणिताला वाटते की पडदा नाहीच. नंतरच्या संशोधकांनी लाल सोडून फक्त हिरवा-निळा वापरला. तापीच्या पुरात नेमका निळा बाद करावा लागेल. पद्धत तीच, पण कोणती वाहिनी विश्वासाची, हे त्या त्या पाण्याने ठरवायचे.

२०१९ मध्ये डेर्या अकायनाक आणि हैफा विद्यापीठातील ताली ट्रायबिट्झ यांनी ‘सी-थ्रू’ पद्धत मांडली. धुक्यासाठीचे समीकरण पाण्याला उसने चालत नाही, वस्तूच्या प्रकाशाची घट आणि परतलेल्या प्रकाशाची वाढ यांचे दर वेगवेगळे असतात, हे त्यांनी प्रत्यक्ष समुद्रातल्या मोजणीतून दाखवले. त्यांच्या पद्धतीला प्रत्येक पिक्सेलचे अंतर लागते. ते एकाच जागेचे अनेक कोनांतून फोटो काढून मिळवता येते. धरणाच्या भिंतीसाठी ही अडचण मोठी नाही. भिंत सपाट आणि यंत्र तिच्यापासून ठरावीक अंतरावर, त्यामुळे अंतर जवळपास माहीतच असते.

तिसरा मार्ग रामन यांच्या प्रिझमच्या कुळातला. कणांवरून परतलेला प्रकाश काही अंशी ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने बरीचशी एकाच दिशेत होतात. योआव शेखनर आणि निर कार्पेल यांनी दोन दशकांपूर्वी ध्रुवण-फिल्टर फिरवून त्याच दृश्याचे दोन फोटो घेतले. दोन्हींतल्या फरकावरून पाण्याचा वाटा किती ते काढले आणि वजा केले. फिल्टर स्वस्त आहे, गणित सोपे आहे. फक्त दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा हलता कामा नये.

एक गोष्ट मात्र कोणतीही वजाबाकी करू शकत नाही. पडद्याची सरासरी वजा होते, त्याचा थरथराट राहतो. प्रकाश कणांनी येतो आणि त्यांची संख्या दर क्षणी थोडी कमीजास्त होते. १०,००० कणांमागे हा चढउतार सुमारे १०० चा असतो. आपल्या उदाहरणात १०० च्या पडद्याबरोबर ४ चा नॉइज आला असेल, तर भिंत आणि चीर यांतला ४ चा फरक त्यातच बुडेल. यावर जुना, बिनखर्चाचा उपाय म्हणजे अनेक फोटो. एकाच जागेच्या १६ चौकटींची सरासरी काढली तर नॉइज एक चतुर्थांश होतो, ४ चा १. सरासरीऐवजी प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत घेतली, तर आणखी एक फायदा: उडणारे पांढरे ठिपके एका जागी थांबत नाहीत, म्हणून ते आपोआप गळतात. बोअरमध्ये कॅमेरा एका खोलीवर काही क्षण स्थिर धरला, तर त्या व्हिडिओतून हे साध्या संगणकावरही करता येते.

शिकवलेल्या यंत्राचा मोह

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा जमाना आहे. बिघडलेला फोटो आणि त्याची सुधारलेली जोडी अशा हजारो उदाहरणांवर यंत्राला शिकवले, की ते नवा फोटो क्षणात सुधारून देते. परिणाम डोळे दिपवणारे असतात. पण या उदाहरणांचा पाया तपासून पाहावा. पाण्याखालच्या चित्रांचा एक बहुचर्चित संग्रह चोंग्यी ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ९५० खरी चित्रे आहेत, त्यांपैकी ८९० ना ‘आदर्श’ जोडी आहे. ही जोडी ठरली कशी? प्रत्येक फोटोवर १२ पद्धती चालवल्या आणि पाहणाऱ्या स्वयंसेवकांनी त्यांतली सर्वांत चांगली दिसणारी निवडली. उरलेल्या ६० चित्रांसाठी समाधानकारक जोडी मिळालीच नाही.

म्हणजे यंत्र शिकते ते माणसाला छान दिसणारे चित्र. पाणी काढून टाकल्यावर खरोखर कसे दिसले असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. लग्नाच्या अल्बमला हे चालेल. धरणाच्या पाहणीत यंत्राने गुळगुळीत काँक्रीट ‘रंगवून’ चीर झाकली, किंवा शेवाळाच्या रेघेला चीर करून दाखवली, तर दोन्ही महागात पडतील. शिवाय अशा संग्रहांत प्रवाळ, मासे आणि बुडालेली जहाजे भरपूर आढळतात. काळ्या मातीच्या गाळातली केसिंग पाइप किंवा जॅकवेलची जाळी त्यांत शोधून सापडणे अवघड.

सॉफ्टवेअरच्या आधी

अनुभवी माणसे फोटो सुधारण्याआधी पाणी आणि दिवा सुधारतात. दिवा भिंगाला चिकटून ठेवू नये, बाजूला दांडीवर लांब धरावा आणि तिरका वळवावा. त्यामुळे भिंगासमोरचे पाणी कमी उजळते आणि परतलेला प्रकाश घटतो. सहा-साडेसहा इंची बोअरमध्ये दांडीला जागा नसते आणि दिव्यांचे कडे भिंगाभोवतीच असते. म्हणून खाली पाहणारे भिंग अंध होते, पण बाजूला वळणारे भिंग तीन इंचांवरची केसिंग नीट दाखवते. अंतर कमी करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. धरणाच्या यंत्रावरही भिंतीच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे आणि छोटे छोटे फोटो जोडून मोठे चित्र करावे.

दुसरी गोष्ट थांबण्याची. १८५१ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी मांडलेल्या सूत्राने हिशेब केला, तर ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण १ मीटर पाणी सुमारे दोन मिनिटांत उतरतो. २ मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतराला तीन दिवस लागतात, तेही पाणी अगदी संथ असेल तर. खान्देशच्या काळ्या मातीत बारीक चिकणमातीचे प्रमाण मोठे, म्हणून आपले पाणी निवळायला इतका वेळ घेते. पंप बंद करून लगेच कॅमेरा सोडू नये, निदान रात्रभर तरी पाणी बसू द्यावे. केबल हळू सोडावी, तळाला टेकवू नये.

तिसरी गोष्ट मोजण्याची. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. गोड्या पाण्यासाठी आज २० सेंटिमीटर व्यासाची, आलटून पालटून काळे-पांढरे पाव भाग रंगवलेली तबकडी वापरतात. दोरीला खुणा केल्या की झाले. जळगावच्या मेहरूण तलावावर शाळेतली मुलेही हे करू शकतील. तबकडी दोन हातांवर दिसेनाशी होत असेल, तर पाच हातांवरच्या भिंतीचा फोटो घेण्यात अर्थ नाही, हे आधीच कळते.

आणि काही वेळा मान्य करावे लागते की प्रकाशाचा मार्गच बंद आहे. अतिशय लहान लेझर स्पंद सोडून, नेमका वस्तूवरून परतणारा प्रकाश येईल तेवढाच क्षण कॅमेऱ्याचे झाकण उघडणारी यंत्रे आहेत. १ मीटरवरच्या वस्तूसाठी तो क्षण सुमारे ९ नॅनोसेकंदांनी येतो. ती महाग आहेत आणि पुराच्या पाण्यात तीही हरतात. तिथे सोनार लागतो. ध्वनीला मातीच्या बारीक कणांची फारशी अडचण होत नाही. त्याला भिंतीचा रंग कळत नाही, बारीक चीर कळत नाही, पण बुडालेल्या वाहनाचा आकार आणि तळाचा चढउतार कळतो. पुरात सोनार, पाणी निवळल्यावर कॅमेरा, हा क्रम व्यवहाराचा आहे.

इथले पाणी इथेच मोजावे लागेल

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. अंधाऱ्या पाण्यातला फोटो उजळवण्याची एकच सर्वांना लागू पडणारी कळ नाही. पाणी कोणता रंग खाते, किती परतवते आणि वस्तू किती लांब आहे, हे तीन आकडे हाती असतील तर साधी वजाबाकीही कामाची ठरते. नसतील तर महागडे मॉडेलही सुंदर अंदाज बांधत बसते. आणि हे आकडे परदेशातल्या संग्रहातून मिळणार नाहीत.

जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत इमेज प्रोसेसिंग शिकवतात आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञानाची प्रशाळा आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी इंटरनेटवरची प्रवाळांची चित्रे उतरवून घेण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी हतनूर, वाघूर, अक्कलपाडा आणि गावच्या विहिरींच्या पाण्यातली चित्रे जमवावीत. परवानगी घेऊन, काठावरून, सुरक्षित राहून हे करता येते. प्रत्येक चित्रासोबत तारीख, ठिकाण, तबकडीची खोली, वस्तूचे अंतर आणि दिव्याची जागा लिहावी. चौकटीत एक रंगपट्टी ठेवावी. जुलै, नोव्हेंबर आणि एप्रिल अशा तीन हंगामांची अशी नोंद झाली, तर तापी खोऱ्यातल्या धरणांना आणि बोअरवाल्यांना उपयोगी पडेल असा पहिला संग्रह इथेच तयार होईल. आणि पाहणीचा अहवाल देणाऱ्याने सुधारलेल्या फोटोशेजारी मूळ फोटो नेहमी जोडावा, कारण निर्णय घ्यायचा तो मूळ फोटोत काय आहे त्यावर.